पायात रक्त साचणं, थकवा आणि कॉम्प्रेशनचे मोजे, पट्टे, पंप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उभं राहिलं की पाय जड, पोटऱ्या ठणकतात, डोकं हलकं होतं आणि जरा आडवं झालं की बरं वाटतं, अशा लोकांसाठी हे पान आहे. मी स्वतः हे मोजे वापरते, डॉक्टर नाहीये. तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

पायात रक्त साचतं म्हणजे नक्की काय होतं?

आपण आडवे असतो तेव्हा रक्ताला वर-खाली असं काही नसतं. उभं राहिलो की काही क्षणांत साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीतून खाली सरकतं, पायांत तर जातंच पण पोटाच्या आणि कमरेखालच्या शिरांमध्येसुद्धा भरपूर जातं, आणि हे पोटाचं लक्षात ठेवा कारण पुढे सगळी गंमत तिथेच आहे. हे प्रत्येकाचं होतं. धडधाकट माणसाच्या नसा लगेच रक्तवाहिन्या आवळायला सांगतात, हृदय थोडं जोरात चालतं आणि त्याला काही कळतही नाही.

खालचं रक्त वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकलं की पोटरी शिरा पिळते, रक्त वर जातं आणि शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. नुसतं पुतळ्यासारखं उभं राहिलं तर घोट्याजवळच्या शिरेतलं प्रेशर ८०-९० एमएमएचजीपर्यंत (बीपी मोजतात तेच माप) जातं, चालायला लागलं की तेच ३० च्या आसपास किंवा त्याखाली येतं. म्हणून तीन तास बाजारात फिरणं जमतं आणि पंधरा मिनिटं रांगेत उभं राहणं जमत नाही, असं बरेच जण सांगतात, आणि घरचे म्हणतात नाटकं करते. नाटकं नाहीत हो.

बिघाड दोन ठिकाणी होऊ शकतो. एक म्हणजे झडपा सैल पडतात, रक्त मागे गळतं, शिरा फुगून वेड्यावाकड्या दिसतात, त्या व्हेरिकोज व्हेन्स. दुसरं म्हणजे शिरा दिसायला ठणठणीत, पण त्यांना आवळायचा निरोपच नीट पोचत नाही किंवा अंगात रक्त-पाणीच कमी असतं, मग पॉट्स (उभं राहिलं की नाडी खूप पळते तो विकार), उभं राहिल्यावर बीपी पडणं, कोविडनंतर रेंगाळलेला थकवा वगैरे प्रकार येतात. दोन्हीला लोक सरसकट एकच मोजा घेतात आणि मग अर्धे म्हणतात जादू आहे, अर्धे म्हणतात पैसे पाण्यात.

पण यात थकवा कुठून आला? पाय दुखतील फार तर.

खाली रक्त अडकलं की हृदयाकडे परत येणारं रक्त कमी, मग प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्तही कमी. ती भरपाई करायला हृदय पळायला लागतं, अॅड्रेनलिनसारखी रसायनं वाढतात, म्हणजे तुम्ही नुसते ओट्यापाशी चपात्या लाटताय आणि शरीराला मात्र जिना चढल्यासारखं वाटतंय. वर मेंदूकडचा रक्तपुरवठाही थोडा घटतो, त्यामुळे शब्द न सुचणं, डोकं जड होणं, समोर अंधारी येणं. सकाळी आंघोळ करून बाहेर आल्यावरच ज्यांना परत पलंगावर पडावंसं वाटतं त्यांना हे लगेच पटेल, गरम पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि वरून तुम्ही उभे.

माझा थकवा यामुळेच आहे हे कसं ओळखायचं?

मोजे घ्यायच्या आधी हे करा, प्लीज. घरी बीपीचं मशीन असेल (आता बऱ्याच घरात असतंच) तर दहा मिनिटं शांत पडून राहा, पडल्या पडल्या बीपी आणि नाडी लिहून घ्या. मग उभं राहून भिंतीला खांदे टेकवा, टाचा भिंतीपासून सहा इंच पुढे, हालचाल नाही, बोलणं नाही, आणि दहा मिनिटं दर मिनिटाला नाडी आणि बीपी लिहा. बाजूला कोणीतरी पाहिजेच, एकट्याने करू नका, चक्कर आली तर लगेच थांबवा आणि आडवं व्हा.

वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने पडलं, आणि तेही पहिल्या तीन मिनिटांत, तर ते उभं राहिल्यावर बीपी पडणं. बीपी फारसं पडलं नाही पण नाडी दहा मिनिटांत ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढली आणि तशीच राहिली (१२ ते १९ वयाच्या मुलांत ४०) आणि असा त्रास तीन महिन्यांपासून असेल तर डॉक्टर पॉट्सचा विचार करतात. तो कागद घेऊन फिजिशियनकडे जा. नुसतं "थकवा येतो" सांगितलं की टॉनिक मिळतं, आकडे दाखवले की समोरचा खुर्चीत सरळ बसतो.

यातलं काहीच झालं नाही, उभं असलं काय नि झोपलेलं असलं काय थकवा सारखाच, तर मोज्यांनी काही होणार नाही. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, शुगर, व्हिटॅमिन डी, रात्री घोरणं हे आधी बघा. आपल्याकडे बायकांमध्ये हिमोग्लोबिनच इतकं कमी असतं की बाकी शोध घ्यायच्या आधी तेच निघतं.

मोजा नेमकं काय करतो?

बाहेरून दाबतो, बस. पण सगळीकडे सारखा नाही, घोट्याला सगळ्यात घट्ट आणि वर जाता जाता सैल होत जाणारा. त्याने शिरेची पोकळी लहान होते, रक्त साठायला जागा उरत नाही आणि झडपांच्या पाकळ्या एकमेकींच्या जवळ येतात. या चढत्या-उतरत्या दाबाची कल्पना अमेरिकेतल्या कॉनराड जोब्स्ट या इंजिनियरची, त्याला स्वतःलाच शिरांचा त्रास होता आणि पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पाय बरे वाटतात हे त्याने हेरलं. पाण्यात जितकं खोल तितका दाब जास्त, तेच कापडात आणायचं. १९५० मध्ये त्याने ओहायोतल्या टोलेडो शहरात कंपनी काढली, आजही त्या नावाचे मोजे मिळतात.

किती प्रेशरचे घ्यायचे? दुकानदार क्लास वन, क्लास टू म्हणतो.

क्लासवर जाऊ नका, पाकिटावर एमएमएचजीचा आकडा बघा. जर्मन पद्धतीत क्लास १ म्हणजे १८ ते २१, क्लास २ म्हणजे २३ ते ३२, क्लास ३ म्हणजे ३४ ते ४६. ब्रिटिश पद्धतीत त्याच क्लास २ चा अर्थ १८ ते २४ होतो. अमेरिकन माल असेल तर क्लासच्या भानगडीत न पडता सरळ १५-२०, २०-३०, ३०-४० लिहिलेलं असतं.

ढोबळ सांगायचं तर दिवसभर उभ्याची नोकरी, संध्याकाळी जड पाय, थोडी सूज, लांबचा प्रवास याला १५-२० पुरतं. व्हेरिकोज, घोट्याजवळ त्वचा काळवंडलेली, पॉट्स यांना बहुतेक वेळा २०-३० सांगतात. ३०-४० डॉक्टरने सांगितल्याशिवाय घेऊ नका, आणि घेतलेच तर ते चढवताना घरात भांडणं होतात ही पूर्वकल्पना असू द्या. आणि एक, कपाटात पडून राहिलेल्या ३०-४० पेक्षा रोज पायात जाणारा १५-२० कधीही चांगला.

गुडघ्यापर्यंतचे घेऊ, मांडीपर्यंतचे की कमरेपर्यंतचे?

इथे येऊन बहुतेकांचं गणित चुकतं, म्हणून जरा सविस्तर.

झडपांचा त्रास असेल, सूज घोट्याला आणि पोटरीला असेल, तर गुडघ्याखालचे बास आहेत, मांडीपर्यंतचे सरकतात, गुडघ्यामागे चुण्या पडतात, उकडतं, आणि त्या मानाने फायदा फार जास्त नाही.

पण त्रास चक्कर, धडधड, थकवा असा असेल, तर नुसत्या पोटरीला आवळून विशेष काही मिळत नाही. कारण वर म्हटलं तसं, रक्ताचा मोठा साठा पोटात आहे. आतडी, यकृत, प्लीहा यांच्या शिरा प्रचंड लवचिक असतात, आपण उभं राहिलो की तिथे रक्त आरामात जाऊन बसतं, आणि पोटभर जेवल्यावर तर अजूनच. कॅनडातल्या कॅलगरीच्या संशोधकांनी २०२१ मध्ये पॉट्सच्या पेशंटवर हेच तपासलं, काहीच न घालता, फक्त पाय आवळून, फक्त पोट आणि मांड्या आवळून, आणि पायापासून पोटापर्यंत सगळं आवळून. नाडीचा वेग आणि त्रास सगळ्यात कमी झाला तो सगळं आवळल्यावर, त्याखालोखाल पोट-मांड्या, आणि नुसते पाय सगळ्यात शेवटी. म्हणजे आपल्याकडे ज्याची सगळ्यात जास्त विक्री होते तोच प्रकार या त्रासात सगळ्यात कमी कामाचा!

लढाऊ विमानाच्या पायलटचा जी-सूट बघितलाय का कधी? त्यात पोटऱ्या, मांड्या आणि पोट असे तिन्हीकडे हवेचे फुगे असतात, विमान जोरात वळलं की ते फुगतात म्हणजे रक्त खाली उतरून पायलट बेशुद्ध पडत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच त्या लोकांना कळलं होतं की पोट सोडून चालत नाही.

तर मग घ्यायचं काय? कमरेपर्यंतचे, पोटावरही दाब देणारे टाइट्स, किंवा ते झेपत नसतील तर पोटाचा इलॅस्टिक पट्टा आणि सोबत मांडीपर्यंत येणारी घट्ट सायकलिंग शॉर्ट्स. दोन्हीतलं एकच परवडत असेल तर माझं मत विचाराल तर पट्टा. बाळंतपणानंतर किंवा सिझेरियननंतर जो पोटाचा पट्टा देतात तशाच जातीचा, मेडिकलमध्ये मिळतो, अगदी घरातही कुणाचा तरी पडलेला असतो.

पट्टा किती आवळायचा? साडीखाली, जीन्सखाली दिसतो का?

बरगड्यांच्या खालपासून ओटीपोटापर्यंत. मोठा श्वास घेता आला पाहिजे, बोटं सरकवायला जागा पाहिजे, पण घातलाय हे जाणवलंही पाहिजे. उभं राहायच्या आधी, आडवं असतानाच लावा, आणि बसल्यावर किंवा जेवायला बसताना सैल करा, नाहीतर ॲसिडिटी वर येते. हर्निया असेल किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर सर्जनला विचारून. साडीखाली दिसत नाही, परकराची नाडी मात्र पट्ट्यावर करकचून बांधू नका, एकाच रेघेवर दाब येऊन व्रण पडतो. कुर्ता-सलवारमध्ये सगळ्यात सोपं. जीन्समध्ये नाही, सोडून द्या.

ते हवेचे पंप, बूट असतात ना, मशीनवाले, त्याने थकवा जातो का?

पायाला गुंडाळायच्या पिशव्या, त्यात चार, सहा, आठ कप्पे, मशीन एकेका कप्प्यात खालून वर हवा भरतं आणि सोडतं. तीन वेगवेगळ्या ठिकाणी हे वापरलं जातं आणि तिघांची सरमिसळ झालीय.

पहिलं हॉस्पिटल. पडून असलेल्या पेशंटच्या पायात गुठळ्या होऊ नयेत म्हणून. याचा पुरावा भक्कम आहे, ब्रिटनमधला क्लॉट्स नावाचा मोठा अभ्यास होता, त्यात स्ट्रोकच्या पेशंटना मांडीपर्यंतच्या मोज्यांचा उपयोग झाला नाही, उलट त्वचेला जखमा झाल्या (हे २००९ चं), आणि पुढे २०१३ मध्ये त्याच मालिकेत हवेच्या पंपांनी गुठळ्या कमी झाल्या असं दिसलं.

दुसरं लिम्फेडेमा, म्हणजे कॅन्सरच्या ऑपरेशननंतरची किंवा हत्तीपायाची सूज. नागपूर, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या पट्ट्यात हत्तीरोग आजही आहे, तिथल्या लोकांना ही मशीन माहिती असतात. पण त्यातही पंप एकटा पुरत नाही, पाय रोज धुणं, कोरडे ठेवणं, बोटांच्या बेचक्यांतल्या चिरा सांभाळणं आणि नंतर बँडेज किंवा मोजा हे लागतंच.

तिसरं म्हणजे जिम आणि मॅरेथॉनवाल्यांचे रिकव्हरी बूट. पळून आल्यावर पाय हलके वाटतात, स्नायूंचा ठणका थोडा कमी वाटतो, मस्त वाटतं, पण मुंबई मॅरेथॉनला तुमचा टायमिंग त्याने सुधारेल अशी आशा ठेवू नका.

आता आपला प्रश्न. हे पंप लावून तुम्ही आडवे किंवा पाय वर करून बसलेले असता, आणि त्या स्थितीत रक्त तसंही खाली साचत नाहीये. पंप काढून उभे राहिलात की काही मिनिटांत शिरा परत भरतात. सोसायटीची टाकी सकाळी कितीही भरली तरी खालचा नळ उघडा असेल तर दुपारी पाणी नाहीच, तसं. म्हणून पॉट्स किंवा बीपी पडण्याच्या थकव्यासाठी महागडा पंप घ्यायच्या मी विरोधात आहे. संध्याकाळी सुजलेल्या पायांना आराम म्हणून ठीक आहे, तेही पाय उशीवर ठेवून फुकटात मिळतं. उभं असताना चालणारी मशीन वेगळी. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या डॉक्टरांनी उभं राहिल्यावर आपोआप फुगणारा पोटाचा पट्टा करून बघितला, २०१६ मध्ये त्याचे निकाल आले, बीपी पडणाऱ्या पेशंटमध्ये तो मिडोड्रिन या नेहमीच्या गोळीच्या तोडीचा ठरला. परत पोटच, बघा.

कोणी हे मोजे अजिबात घालू नयेत?

पायाच्या धमन्या ब्लॉक असतील तर. म्हणजे पायाकडे जाणारंच रक्त कमी आहे आणि वरून तुम्ही आवळताय, बोटं काळी पडण्यापर्यंत जाऊ शकतं. थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो आणि थांबलं की जातो, पाऊल थंडगार, जखम भरत नाही, बिडी-तंबाखूची जुनी सवय, यातलं काही असेल तर आधी घोटा आणि दंडाच्या बीपीची तुलना करणारी एबीआय टेस्ट करून घ्या. ०.८ च्या खाली आली तर सावध, ०.५ च्या खाली आली तर मोजे नाहीतच. डायबेटिस जुना असेल तर धमन्या कडक होऊन हा आकडा खोटा चांगला येतो, मग डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करतात.

डायबेटिसने तळपायाला बधिरपणा असलेल्यांनीही जपून, मोजा रुतला तरी कळत नाही. हार्ट फेल्युअरचा त्रास वाढलेला असताना नको, कारण पायातलं पाणी एकदम वर ढकललं तर श्वास लागू शकतो. त्वचेवर जंतुसंसर्ग, लाल गरम भाग, वाहती जखम असेल तर आधी ते बरं करा. आणि एकच पाय अचानक सुजला, दुखतोय, गरम लागतोय, तर मोजा चढवू नका, पंप तर मुळीच नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण ती गुठळी असू शकते. सोबत दम लागला, छातीत दुखलं, तर थेट इमर्जन्सी.

बाबांना बीपीची गोळी सुरू झाल्यापासून दोन्ही घोटे सुजतात. मोजे आणू?

गोळीचं नाव बघा आधी. अॅम्लोडिपिन असेल तर तिचा हा अगदी ओळखीचा साइड इफेक्ट आहे, बारीक धमन्या रुंद होतात आणि पाणी बाहेर झिरपतं, त्यात लघवीची गोळी देऊनही फार फरक पडत नाही. डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात. प्रेगाबॅलिन, गॅबापेंटिन, पायोग्लिटाझोननेही सूज येते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका पण. किडनी, लिव्हर, हृदय यांच्यामुळेही दोन्ही पाय सुजतात, त्यामुळे तपासणीच्या आधी मोजे म्हणजे दिवा विझवून उंदीर शोधणं.

आईला ते मोजे चढवताच येत नाहीत, काय करू?

सगळ्यात जास्त लोक इथेच सोडून देतात. तर, सकाळी पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी घालायचे, कारण एकदा उभं राहिलं की सूज भरायला सुरुवात होते आणि मग झटापट. राहून गेलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं पाय उंचावर ठेवून मग घाला. पाय कोरडा ठणठणीत हवा, थोडी पावडर लावली तर सरकतो. हात आत घालून टाचेपर्यंत मोजा उलटा करा, आधी पाऊल आणि टाच नीट बसवा, मग राहिलेला तळव्याने चोळत चोळत वर न्या. काठ धरून ओढायचं नाही, तो फाटतो आणि प्रेशर बिघडतं. भांडी घासायचे रबरी ग्लोव्हज घाला, पकड भन्नाट येते. बोटं उघडी असलेला मोजा असेल तर पायात आधी गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी घालायची, वरून मोजा चढवायचा आणि मग पिशवी पुढून ओढून काढायची, बघणाऱ्याला जादूच वाटते.

जोडवी आणि पैंजण काढूनच. जोडव्यात अडकून दोरा निघाला की मोजा गेला, आणि आत राहिलं तर रुततं. जोडवी काढायची नसतील तर बोटं उघडी असलेला प्रकार घ्या. वरचा काठ दुमडून कधीच ठेवायचा नाही, दुमडलं की तिथे दुप्पट दाब, आणि तो पट्टा रक्त अडवतो, म्हणजे आपण जे टाळायला निघालो तेच.

साइज कसा काढायचा?

सकाळी, सूज नसताना, टेपने घोट्याच्या हाडाच्या जरा वरचा सगळ्यात बारीक घेर, पोटरीचा सगळ्यात जाड घेर, आणि टाचेपासून गुडघ्याच्या खालपर्यंत लांबी. मांडीपर्यंतचा असेल तर मांडीचा घेरही. दोन्ही पाय मोजा, बऱ्याचदा वेगळे असतात. बुटाच्या नंबरावरून किंवा फ्री साइज देणाऱ्या दुकानातून घेऊ नका.

उन्हाळ्यात कसं शक्य आहे? आमच्याकडे ४५ डिग्री.

अकोला-चंद्रपूरकडून हा प्रश्न दर एप्रिलला येतो आणि दुर्दैव असं की उन्हातच शिरा जास्त सैल होतात, म्हणजे गरज तेव्हाच वाढते. पूर्ण दिवस हट्ट धरू नका. जे दोन-तीन तास उभं राहायचंच आहे तेवढे घाला, बाकी काढा. मांडीवरच्या सिलिकॉनच्या पट्टीने घामोळं आणि पुरळ येतं, त्याऐवजी गुडघ्याखालचे आणि पोटाचा पट्टा ही जोडी जास्त सहन होते. काही जण मोज्यावर पाणी शिंपडून पंख्याखाली उभे राहतात, चालतं. मीठ घातलेलं ताक, लिंबूपाणी, पन्हं यांचा मोसम आहेच, घ्या.

रात्री घालून झोपलं तर जास्त फायदा?

नाही. आडवं झाल्यावर त्यांना काही काम नसतं. काढा, त्वचेला श्वास घेऊ द्या, मॉइश्चरायझर तेव्हाच लावा, कारण सकाळी तेल-क्रीम लावून घातलं तर मोजा घसरतो आणि इलॅस्टिकही लवकर मरतं. शिरेच्या जखमेसाठी बँडेज बांधलं असेल तर ते डॉक्टर सांगतील तसं, तो विषय वेगळा.

ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलने दिलेले पांढरे मोजे तेच ना हे?

नाहीत. ते पडून असलेल्या माणसासाठी, घोट्याला १८ च्या आसपास प्रेशर, उभं राहणाऱ्याला अपुरे. तसंच "डायबेटिक सॉक्स" म्हणून मिळतात ते तर मुद्दाम न आवळणारे असतात, नावावरून गोंधळू नका.

क्रेप बँडेज बांधलं तर? स्वस्त पडतं.

मुरगळल्यावर ठीक. रोजचं म्हणाल तर प्रत्येक वेढा वेगळ्या ताणाचा, तासाभरात सैल, वर घट्ट आणि खाली ढिलं झालं तर पाऊल सुजतं. शिकलेल्या नर्सने बांधलेलं, कमी ताणलं जाणारं (शॉर्ट-स्ट्रेच) बँडेज फार उपयोगी असतं, घरगुती गुंडाळणी नाही.

माझी नोकरीच उभ्याची आहे. मोज्यांशिवाय अजून काय?

ट्रॅफिक पोलीस, शिक्षक, सलूनवाले, पोळी-भाजी केंद्रातल्या ताया, ऑपरेशन थिएटरमधले सर्जन, लोकलमध्ये विरारपर्यंत उभं जाणारे, सगळ्यांचं दुखणं एकच. स्थिर उभं राहू नका. टाचा वर-खाली करा, वजन या पायावरून त्या पायावर टाका. चक्कर येतेय असं वाटलं की पायाची कैची करून मांड्या आणि नितंब घट्ट आवळा, बीपी तिथल्या तिथे थोडं वर येतं, आणि आजूबाजूला कोणाला कळतही नाही. एक पाय छोट्या पाटावर ठेवून काम करायची आज्जी लोकांची सवय काही उगाच नव्हती. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवा, भाजी बसून चिरा, यात कमीपणा कसला.

पॉट्सवाल्यांना आणि बीपी पडणाऱ्यांना अजून एक, अर्धा लिटर पाणी दोन-तीन मिनिटांत पिऊन टाकणं. घोट घोट नाही, एकदम. उभ्याचं काम सुरू करायच्या आधी. मीठ वाढवायला डॉक्टर सांगतात पण ते बीपी कमी असणाऱ्यांना, हाय बीपी, किडनी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी इथलं वाचून मीठ वाढवू नका. आणि व्यायाम, पण उभा नाही, बसून सायकल, रोइंग, पोहणं, पडून पाय उचलणं, पोटऱ्या बळकट झाल्या की पंप तुमच्या पायातच असतो. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पूर्ण कोसळायला होत असेल तर मात्र जबरदस्तीने वाढवत नेऊ नका, ती गोष्ट डॉक्टरांना वेगळी सांगा.

मोजे घालून व्हेरिकोज व्हेन्स जातात का?

जात नाहीत. ठणका, जडपणा, सूज कमी होते, घातलेत तोवर. झडपा दुरुस्त होत नाहीत. जास्त असेल तर डॉपलर करून लेझर, आरएफ (रेडिओलहरींची उष्णता) किंवा इंजेक्शनने ती शीर बंद करतात, रक्त दुसऱ्या चांगल्या शिरांतून जातं.

गरोदरपणात चालतात?

चालतात, आणि आरामही पडतो, विशेषतः शेवटच्या महिन्यांत गर्भाशयाचा दाब कमरेतल्या मोठ्या शिरांवर येतो तेव्हा. पोटाला मोकळी जागा असलेले मॅटर्निटीचे घ्या, पोटाचा पट्टा मात्र या काळात नको. डाव्या कुशीवर झोपा. सूज एकदम चेहऱ्यावर-हातांवर आली, डोकं दुखतंय, डोळ्यासमोर चमकतंय, तर लगेच बीपी तपासा.

आई-बाबा मुलीकडे अमेरिकेला चाललेत, विमानात घालू देत?

हो. चार-पाच तासांपेक्षा जास्त प्रवासात गुडघ्याखालचे मोजे घातले की लक्षणं न दाखवणाऱ्या गुठळ्या कमी होतात, यावर बरेच अभ्यास एकमताने सांगतात. १५-२० चे पुरतात. घरून निघतानाच घालायचे, विमानातल्या टॉयलेटमध्ये ती कसरत होत नाही. पूर्वी गुठळी झालेली असेल, कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असेल तर आधी डॉक्टर, इंजेक्शनही लागू शकतं.

फरक कळायला किती दिवस लागतात?

त्याच दिवशी कळतो. वरची भिंतीची टेस्ट एकदा काहीही न घालता आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजे-पट्टा घालून करा, नाडीचे आकडे शेजारी ठेवा. कमी वाढली तर काम करतंय. आकडे तसेच पण तुम्हाला बरं वाटतंय, भाजी निवडून झाल्यावरही उभं राहता येतंय, तरी घाला, काय हरकत आहे. दोन आठवड्यांत दोन्हीपैकी काहीच नाही तर प्रेशर किंवा उंची चुकतेय, नाहीतर थकव्याचं कारणच दुसरं आहे. बोटं निळी-पांढरी पडली, मुंग्या आल्या, दुखायला लागलं तर लगेच काढा, "सवय होईल" म्हणून सहन करायचं नाही.

धुवायचे कसे, टिकतात किती?

रोज रात्री, कोमट किंवा साध्या पाण्यात साध्या साबणाने हाताने. पिळायचे नाहीत, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे. ऊन नको, इस्त्री नको, ब्लीच नको, सुगंधी कम्फर्टवालं पाणीही नको. रोज वापरले तर साधारण सहा महिन्यांत ताण जातो, सहज चढायला लागले की समजा बदलायची वेळ झाली. दोन जोड घ्या, पावसाळ्यात एक रात्रीत वाळत नाही.